चौल : समुद्राचे बंदर, देशाची पेठ

समुद्रकाठच्या जुन्या नगरांची वर्णने लिहिण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत पडून गेली आहे. प्रथम किल्ला, मग देवळे, नंतर एखादे लेणे, शेवटी नारळी-पोफळीच्या बागा व सूर्यास्त. इतके सांगून झाले की लेखकाचे कर्तव्य संपले. वाचकही तेवढ्यावर संतुष्ट असतो; कारण किनाऱ्यावरील गाव म्हणजे दोन दिवस हवापालट करण्याचे ठिकाण, त्याचा आपल्या घरच्या इतिहासाशी काही संबंध असेल अशी शंकाही त्याच्या मनास शिवत नाही. आम्हा मराठवाड्यातील लोकांस तर समुद्र अगदीच परका. दुधनेच्या खोऱ्यातील परतुरापासून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर पडतो, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. तेव्हा परतूर, पाथरी, पैठण, जालना ह्या गावांचा इतिहास कोरड्या जमिनीचा व चौल, वसई, दाभोळ ह्यांचा खाऱ्या पाण्याचा, अशी वाटणी आपण मनात सहज करून टाकतो.

ही वाटणी खरी नाही, हे एका नगराच्या उदाहरणाने दाखवावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते नगर म्हणजे चौल. त्याच्या अवशेषांत पाहण्यासारखे पुष्कळ आहे व ते वाचकांस यथाक्रम सांगूच. परंतु ते पाहताना एक प्रश्न सतत जवळ बाळगावा, अशी विनंती आहे. हे नगर कोणाच्या जिवावर जगले? समुद्राच्या, असे उत्तर कोणीही चटकन देईल. आमचे उत्तर निराळे आहे. चौल जगले ते घाटावरच्या देशाच्या जिवावर. आणि ज्या देशाने त्याला जगविले त्याच्या हाती समुद्र नव्हता, म्हणून त्याचा अंत ओढवला.

प्रथम स्थलवर्णन. रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस सुमारे सतरा किलोमीटरांवर कुंडलिका नदी समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी उत्तर तीरावर रेवदंडा, त्याला लागून आत चौल, आणि दक्षिण तीरावर समुद्रात सोंड घुसवून बसलेला कोर्लईचा डोंगर. रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचे खालचे चौल. आतले ते वरचे चौल, देशी राज्यकर्त्यांचे. आज दोहोंच्या मध्ये वाड्या, बागा व तळी ह्यांखेरीज काही नाही. एकेकाळी दर्यावर्दी जगात ज्याचे नाव घेतले जाई ते हेच शहर, हे सांगितल्यावाचून कळू नये इतका हा परिसर आता शांत आहे.

ह्या नगराचे वय मात्र थोडे नव्हे. इ. स. च्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात कल्याणच्या पुढचे बंदर म्हणून सेमुल्ला हे नाव येते. दुसऱ्या शतकातील भूगोलज्ञ टॉलेमी ह्याने सिमुल्ला असे लिहिले आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत चेमूल असा उल्लेख आहे, व हे सारे एकाच गावाचे नाव असून ते गाव चौल होय, असे बहुतेक संशोधकांचे मत आहे. पुराणप्रिय लोकांनी त्याला चंपावती म्हटले, अरबांनी सैमूर, पोर्तुगीजांनी चाउल. इतक्या मुखांतून फिरूनही नावाचा सांगाडा दोन हजार वर्षे टिकला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्याच ग्रीक ग्रंथात ह्या किनाऱ्याच्या पाठीमागचा प्रदेशही वर्णिलेला आहे, आणि तेथे आपली गावे भेटतात. दक्षिणापथात दोन मोठ्या पेठा आहेत, असे ग्रंथकार सांगतो. एक पैठण, भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, तिच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर. पैठणहून गोमेदासारखे खडे व तगरहून जाडेभरडे व तलम असे दोन्ही प्रकारचे कापड गाड्यांवर घालून, जेथे धड रस्ते नाहीत अशा मोठाल्या प्रदेशांतून, बंदरास आणीत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. हा माल त्याच्या काळी भडोचकडे का जाई, ह्याचे कारणही तो देतो. कल्याणचे बंदर पूर्वी परदेशी व्यापारास मोकळे होते. पुढे राजकीय तंट्यामुळे तेथे येणाऱ्या ग्रीक जहाजांस पहाऱ्यात भडोचला नेण्यात येऊ लागले. म्हणजे देशावर कोणाची सत्ता आहे व तिचे शेजाऱ्याशी कसे चालले आहे, ह्यावर बंदरांचे भाग्य तेव्हापासूनच ठरत होते.

ही वाट नुसत्या पुस्तकातली नव्हे, ह्याला आमच्याच जिल्ह्यात पुरावा आहे. भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे इ. स. १९७३ मध्ये जे उत्खनन झाले त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या इटलीतील पाँपेई नगरात अशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती पूर्वीच सापडली होती. दोहोंचे साम्य इतके निकट आहे की पाँपेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरांनी कोरली असावी, असे मत विद्वानांनी मांडले आहे. आता भोकरदन ते पाँपेई ह्या प्रवासात भडोच, सोपारा, कल्याण, चेमूल ह्यांपैकी एखाद्या बंदराखेरीज दुसरी पायरी नव्हती. ज्या जिल्ह्याला समुद्राचे वारेही लागत नाही त्याच्या कारागिराचा हात रोमच्या साम्राज्यातील एका घरापर्यंत पोहोचला. तो पोहोचविणारी माणसे ह्याच किनाऱ्यावर राबत होती.

सह्याद्रीतील लेणीही ह्याच वाटांवर कोरलेली आहेत. चौलच्या मागील पालीच्या बाजूने घाटाकडे गेले की ठाणाळे व खडसांबळे ही लेणी लागतात. घाट चढून गेल्यावर कार्ले, भाजे, बेडसे. खुद्द चौलच्या डोंगरात हिंगळाज देवीच्या स्थानापाशी लहानसहान बौद्ध लेणी आहेत. व्यापाऱ्यांनी दाने दिली, भिक्षूंनी आश्रय दिला, आणि पावसाळा सोडून आठ महिने बैलांच्या तांड्यांनी ही वाट जिवंत ठेवली. लेणी पाहावयास जाणाऱ्याने ती डोंगराचे भूषण म्हणून पाहण्यापेक्षा रस्त्यावरचे मुक्काम म्हणून पाहिली, तर ती अधिक चांगली समजतील.

पुढे राष्ट्रकूटांच्या काळात, इ. स. ९१६ च्या सुमारास, बगदादचा प्रसिद्ध प्रवासी अल् मसूदी ह्या सैमूर बंदरात उतरला. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले व येथेच वसाहत करून राहिलेले सुमारे दहा हजार मुसलमान त्याने पाहिले. त्यांच्या आपसांतील व्यवहारांचा न्याय त्यांच्यातीलच एका प्रमुखाकडे सोपविलेला होता. त्याची नेमणूक राजाकडून होई. गावाचा अधिपती झंझ हा शिलाहार मांडलिक, आणि त्याचा सार्वभौम वल्लभराज म्हणजे मान्यखेटाचा राष्ट्रकूट. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याने खोदविले त्याच घराण्याने परदेशी व्यापाऱ्यांस आपल्या बंदरात घर व धर्म दोन्ही सांभाळू दिले. दोन्ही गोष्टी एकाच राज्याच्या जमाखर्चातल्या होत्या. डोंगर पोखरून देऊळ काढण्यास लागणारे द्रव्य आकाशातून पडत नाही.

बहामनी राज्यात चौलचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढले. ते कारण म्हणजे घोडा. दख्खनच्या हवेत उत्तम घोड्याची पैदास होत नसे आणि लढाई तर घोडदळावर चालत असे. तेव्हा अरबस्थान व इराण येथून जहाजांनी घोडे आणावे लागत. इ. स. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलास उतरला. युरोपातून आलेल्या ज्या प्रवाशांनी हिंदुस्थानविषयी स्वतः पाहून लिहिले त्यांतील तो एक प्रारंभीचा. वास्को द गामा त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी आला. निकितीन चौलहून पालीस गेला, तेथून घाट चढून जुन्नरास. तेथील सुभेदार असदखान ह्याने त्याचा घोडा अडकवून ठेवला व धर्म बदलल्यास घोडा परत देऊ असे बजावले. एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीने घोडाही सुटला आणि धर्मही. मग तो बेदरास गेला. एका घोड्याच्या विक्रीसाठी ह्या माणसाने केलेला खटाटोप पाहिला म्हणजे त्या जनावराची देशावर काय किंमत होती ह्याची कल्पना येते. रेवदंड्यास आता त्याचे स्मारक उभारलेले आहे. जाणाऱ्याने ते अवश्य पाहावे, आणि त्या दगडापाशी उभे राहून समुद्राकडे पाठ करून क्षणभर घाटाकडेही पाहावे.

आता आपण चौलच्या इतिहासातील अशा भागाकडे येतो, की जो परतूर-पाथरीच्या वाचकास विशेष जवळचा वाटेल. बहामनी राज्य मोडल्यावर इ. स. १४९० मध्ये मलिक अहमद स्वतंत्र झाला, व चार वर्षांनी त्याने अहमदनगर शहर वसविले. तीच निजामशाही. जुन्नर व त्याखालील कोकणपट्टी त्याच्याकडे असल्यामुळे चौल हे ह्या राज्याचे मुख्य बंदर झाले. ह्या मलिक अहमदाचा बाप मलिक हसन. फिरिश्त्याच्या तवारिखेप्रमाणे तो मूळचा ब्राह्मण, त्याचे नाव तिमाप्पा. विजयनगरच्या स्वारीत लहानपणी पकडला जाऊन बहामनी सुलतानाच्या पदरी वाढला. आणि ह्या कुळाचे वडिलोपार्जित कुलकर्ण होते पाथरीचे! परतुराहून बैलगाडीच्या दोन मुक्कामांवर असलेली जी पाथरी, तीच ही. राज्य झाल्यावरही त्या घराण्यास आपल्या मूळ गावाची ओढ सुटली नाही. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुऱ्हाण निजामशहाने ती प्रथम मागून पाहिली. मिळाली नाही, तेव्हा इ. स. १५१८ च्या सुमारास लढून घेतली, पुढे गमावली, पुन्हा घेतली, व तेथील कारभार आपल्या ब्राह्मण भाऊबंदांस दिला असे फिरिश्ता सांगतो.

म्हणजे ज्या राज्याचे एक टोक गोदावरीच्या खोऱ्यातील एका कुलकर्ण्याच्या वाड्यात होते त्याचे दुसरे टोक चौलच्या धक्क्यावर होते. वरच्या चौलातील राजकोटाचे अवशेष, हमामखाना, जुनी मशीद व लोक ज्याला कलावंतिणीचा वाडा म्हणतात ती पडकी इमारत, ही सारी मुसलमानी अमदानीच्या भरभराटीची आठवण देतात. इ. स. १५८३ मध्ये येथे आलेला इंग्रज प्रवासी राल्फ फिच लिहितो की चौलात दोन शहरे आहेत, एक पोर्तुगीजांचे व एक मुसलमानांचे. मसाले, औषधी द्रव्ये, रेशीम व रेशमी वस्त्रे, चंदन, हस्तिदंत आणि चिनी माल ह्यांचा येथे मोठा व्यापार चालतो. नारळीच्या झाडाच्या अनेक उपयोगांचे त्याला फार कौतुक वाटले.

हे दुसरे, पोर्तुगीज शहर आले कोठून? मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीतच ईजिप्तच्या सुलतानाचा सरदार अमीर हुसेन व दीवचा मलिक अयाझ ह्यांच्या आरमारांनी पोर्तुगीज तांड्याला गाठले. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा ठार झाला. बापाने पुढच्याच वर्षी दीव येथे ह्या दोघांचा पराभव करून सूड उगविला, आणि त्या दिवसापासून अरबी समुद्रावरची सत्ता पोर्तुगीजांकडे गेली. बुऱ्हाण निजामशहास घोडे हवे होते. घोडे आणणारी वाट आता पोर्तुगीजांच्या मुठीत होती. तेव्हा इ. स. १५२१ मध्ये त्याने त्यांस खाडीच्या मुखाशी कोट बांधण्याची परवानगी दिली, व तीन वर्षांत तो उभा राहिला. समुद्रात जाणाऱ्या देशी गलबताला पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागे; त्याला कार्ताझ म्हणत. परवाना नसलेले जहाज लुटले वा बुडविले जाई. ज्याचे बंदर त्यालाच आपल्या दारातून बाहेर पडण्यासाठी परक्याची चिठ्ठी घ्यावी लागावी, हा प्रकार किती दिवस सहन होणार?

तो सहन झाला नाही. इ. स. १५७० मध्ये विजापूरचा आदिलशहा, अहमदनगरचा मुर्तझा निजामशहा व कालिकतचा सामुरी ह्यांनी मिळून पोर्तुगीजांस हिंदुस्थानातून उखडून काढण्याचा बेत केला. आदिलशहाने गोव्यास वेढा घातला, निजामशहाने चौलास. वर्षअखेरीस सुरू झालेला चौलचा वेढा इ. स. १५७१ च्या पावसाळ्यापर्यंत चालला. रेवदंड्याची तटबंदी त्या काळी आजच्याइतकी पुरी झालेली नव्हती. कित्येक ठिकाणी मठ व घरे ह्यांनाच बुरूज मानून लढावे लागले. निजामशहाकडे फौज विपुल होती, तोफखाना मोठा होता. पोर्तुगीजांकडे माणसे थोडी होती. चौल सोडून द्यावे असा सल्ला गोव्यात व्हाइसरॉय लुईश द आताईद ह्यास देण्यात आला. स्वतः वेढ्यात अडकलेला असूनही त्याने तो मानला नाही व गलबतांतून माणसे आणि दारूगोळा चौलास पाठवीत राहिला. सामुरीच्या काही गलबतांनी मधून मदत केली, पण खाडीचे तोंड काही बंद झाले नाही. शेवटी तह करून निजामशहा परत फिरला. फिरिश्ता ह्या अपयशाचे खापर सरदारांच्या माथी फोडतो. पोर्तुगीजांनी दिलेल्या नजराण्यांस, विशेषतः मद्यास, वश होऊन ते रात्री किल्ल्यात रसद जाऊ देत, असे तो म्हणतो.

फितुरी झाली नसेल असे कोण म्हणेल? परंतु फितुरीची कथा पराभवाला नेहमीच सोयीची असते. ज्या किल्ल्याची एक बाजू समुद्राकडे मोकळी आहे व त्या समुद्रावर शत्रूची गलबते निर्वेध फिरत आहेत, तो किल्ला तीन बाजूंनी कितीही आवळला तरी उपाशी मरत नाही. ही गोष्ट निजामशाही दरबारास कळली नाही असेही नाही. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने वीस वर्षांनी खाडीच्या दुसऱ्या तीरावर कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारण्यास घेतला, तो खाडीचे तोंड तोफांखाली धरण्यासाठीच. युक्ती बिनतोड होती. पण सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून तो किल्लाच जिंकला व चौलच्या रक्षणार्थ त्याचा उपयोग केला. सहा वर्षांनी अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. गोदाकाठच्या मुलखातून उठलेली फौज किनाऱ्यावर येऊन थडकली आणि वितभर खाडीपुढे थांबली. तिच्याजवळ जहाजे नव्हती.

पुढे इ. स. १६३६ मध्ये निजामशाही संपली, वरचे चौल विजापूरकडे व नंतर शिवाजी महाराजांकडे आले. घाटावरील राज्यकर्त्यांमध्ये आरमाराचे मर्म ओळखून ते प्रत्यक्ष उभारणारा पुरुष म्हणून महाराजांचे नाव घेतले जाते ते किती यथार्थ आहे, हे चौलचा मागील इतिहास वाचला म्हणजे पटते. तरीही इ. स. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने रेवदंड्यास घातलेला वेढा उठवावाच लागला. गोव्याच्या व्हाइसरॉयने फोंड्यावर चाल करून मराठ्यांचे लक्ष तिकडे ओढून घेतले, आणि समुद्राकडची बाजू पुन्हा मोकळीच राहिली. अखेर वसई पडल्यानंतर, इ. स. १७४० मध्ये, इंग्रजांच्या मध्यस्थीने झालेल्या तहान्वये रेवदंडा व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाले. दोनशे वर्षे जे दार उघडत नव्हते ते उघडले.

पण दार उघडले तेव्हा आत शहर राहिले होते कोठे? व्यापार मुंबईस गेला होता. इ. स. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आली तेव्हापासून त्यांनी चौलचे विणकर व व्यापारी यांस आपल्याकडे ओढण्याचा क्रम ठेवला होता. खाडी गाळाने भरत चालली होती, मोठी जहाजे आत येईनाशी झाली, असेही कारण देतात; ते खोटे नाही. परंतु केवळ गाळाने बंदर मरत नाही. ज्या बंदराच्या पाठीशी देश उभा असतो तेथे गाळ उपसला जातो, धक्के बांधले जातात. चौलच्या पाठीचा देश वाट बदलून गेला होता. एकोणिसाव्या शतकात बोरघाट व थळघाट ह्यांतून आगगाडी वर चढली, आणि विसाव्याच्या आरंभी मनमाड-हैदराबादचा लोहमार्ग परतुरावरून गेला. तेव्हा आमच्या मुलखातला कापूसही मनमाडवरून मुंबईचीच वाट चालू लागला. बैलांच्या तांड्यांनी जे नाते शतकानुशतके सांभाळले होते ते तुटले नाही, दुसऱ्या गावी जाऊन राहिले. चौलच्या वाट्याला नारळी राहिल्या.

आता ह्या दृष्टीने आजचे चौल पाहू. रामेश्वराचे देऊळ व त्यापुढील पुष्करणी ही येथील मुख्य देवस्थानाची जागा. मंडपाच्या फरशीखाली पर्जन्यकुंड, अग्निकुंड व वायुकुंड अशी तीन कुंडे झाकलेली असून अवर्षण पडले म्हणजे पर्जन्यकुंड उघडण्याची चाल होती. बंदरातील देवही अखेर पावसाचाच जाब द्यावयास बांधलेला! घाटावरचे पीक बुडाले तर येथल्या पेठेत माल येणार नाही, हे त्या कुंडाला ठाऊक असावे. जवळच शितळादेवीचे स्थान आहे. डोंगरावर दत्तात्रेयाचे देऊळ असून तेथे शेकडो पायऱ्या चढून जावे लागते. दत्तजयंतीस मोठी यात्रा भरते, आणि त्या उंचीवरून खाडी, रेवदंडा व कोर्लई ही तिन्ही एका दृष्टीत मावतात. चौलचा नकाशा समजून घ्यावयाचा तर तेथूनच.

रेवदंड्यात आजचा रस्ता जुना तट फोडून आत जातो. दरवाजावर पोर्तुगालचे राजचिन्ह दिसते. आत मठांच्या व प्रार्थनामंदिरांच्या उंच भिंती नारळीच्या बागांतून उभ्या आहेत. फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा लोकांत सातखणी म्हणून ओळखला जातो. वरचे मजले ढासळले, तरी मजुरीने व चुन्याने केलेले ते काम पाहणाऱ्यास थक्क करते. ह्याच गावात बेने इस्राएल समाजाचे बेथ-एल नावाचे सभास्थान आहे. आपले पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळील नौगावच्या किनाऱ्यास लागले अशी ह्या लोकांची परंपरा. त्यांनी तेलघाणे चालविले, शनिवारी काम बंद ठेवले म्हणून शनिवार तेली म्हणवून घेतले, आणि भाषा मात्र मराठीच बोलले. इ. स. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएलास गेले.

शेवटचे स्थळ कोर्लई. किल्ला चढून पाहावाच. एकामागून एक दरवाजे, पोर्तुगीज शिलालेख, व तीन बाजूंस समुद्र. परंतु तेथील खरा अवशेष दगडाचा नाही. डोंगराखालच्या गावात काही शे ख्रिस्ती लोक आजही घरात अशी एक बोली बोलतात की जिचे शब्द बहुतांशी जुन्या पोर्तुगीजातले आहेत. बोलणारे तिला नो लिंग, म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी शिपायांच्या व त्यांच्या पदरच्या स्थानिक कुटुंबांच्या संसारातून निर्माण झालेली ही भाषा टिकली. भाषाभ्यासकांस तिच्यात एक गोष्ट विशेष आढळते. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीच्या वळणाची. क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येते. समुद्रावरून आलेल्या शब्दांना देशाने आपल्या क्रमाने बसविले.

ही बोली शाळेत शिकवली जात नाही व मुले शिकून मुंबई-अलिबागेस जातात, तेव्हा तिचे पुढे काय होईल हे सांगावयास ज्योतिषी नको. मनोरा पडला तर त्याचे चित्र राहते. ही बोली थांबली तर तिच्याबरोबर घराघरांतील गाणी, म्हणी व जेवणाखाणाचे शब्द जातील. चौल पाहावयास जाणाऱ्यांच्या झुंडी सुटीच्या दिवशी वाढत आहेत; वाळूवर घोडे व गाड्या धावतात, आणि तटाच्या भिंतींवर नावे कोरणारेही कमी नाहीत. त्यांस दोष देऊन काय उपयोग? ज्यांना हे स्थळ आपले वाटावे असे काही त्यांच्या शाळेत कोणी सांगितलेच नाही. कोकणच्या मुलाला चौल पोर्तुगीजांचे म्हणून ठाऊक. मराठवाड्याच्या मुलाला पाथरी-भोकरदन तालुक्यांची नावे म्हणून ठाऊक. मधली वाट कोणाच्याच धड्यात नाही.

ती धड्यात येणे शक्य आहे आणि त्यास खर्चही लागत नाही. परतुरच्या एखाद्या शिक्षकाने सहल किनाऱ्यावर नेली, तर निघण्यापूर्वी मुलांस पैठण, भोकरदन व पाथरी ही नावे फळ्यावर लिहून दाखवावी, आणि रेवदंड्याच्या दरवाजात उभे करून सांगावे की ह्या तटाबाहेर सात महिने जी फौज बसली होती तिचा धनी आपल्या शेजारच्या गावच्या कुलकर्ण्याचा वंशज होता. मग ती मुले भिंतीवर नाव कोरणार नाहीत, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. आपल्या घरच्या भिंतीवर कोणी सहसा कोरीत नाही.